या नाताळला मी उठणार नाही

बहीजा: सुई हातात धरणार नाही म्हणजे काय? वर्दिया, अगं घड्याळ बघ. दुपारचे दोन वाजले. चार वजड्या, दोन मुंड्या, सोळा पाये परातीत पडलेत, वजडीत भरायचे तांदूळ अजून भिजवलेले नाहीत, आणि तू खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतेस!

वर्दिया: बसलेय, वन्सं. ताप नाही, पाय दुखत नाहीत, कुणाशी भांडण नाही. नुसती बसलेय.

बहीजा: मग ऊठ!

वर्दिया: नाही.

बहीजा: अंकावाहून पहाटे निघाले मी. तीन नाक्यांवर गाडी थांबवली, ओळखपत्रं दाखवली, थंडीनं बोटं गारठली. हे तुझं ‘नाही’ ऐकायला?

वर्दिया: चहा ठेवलाय तुमच्यासाठी. वेलची घालून.

बहीजा: चहा घाल चुलीत! उद्या नाताळ आहे, बाई. पहाटेची मिस्सा सुटली की बावीस माणसं चर्चमधून थेट या घरात येणार. भावांतल्या थोरल्याचं घर आहे हे. धाकटा योहान्ना स्वीडनहून बायकामुलं, सून घेऊन आलाय. काय वाढणार आहेस त्यांना? खिडकीबाहेरचं दृश्य?

वर्दिया: क्लेचे केलेत. दोन डबे. खजूर भरलेल्या बिस्किटांचा एक, अक्रोडाच्यांचा एक.

बहीजा: क्लेचे! नाताळच्या सकाळी पाचा नाही आणि क्लेचे? अख्ख्या बगदेदा गावात असं एक घर दाखव मला. रात्रभर मंद आचेवर पाचाची शिवलेली वजडी शिजते, सकाळी भांड्याचं झाकण उघडतं, तेव्हा कुठे या गावाचा उपास सुटतो. आणि आपल्या घरात वजडी थोरली सूनच शिवते. माझ्या आजीनं शिवली, आईनं शिवली. आईनं तुझ्या हातात सुई दिली तेव्हा नवी नवरी होतीस तू. आनंदानं डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या. मी बघितलंय.

वर्दिया: आनंदानं नव्हे. कच्च्या वजडीच्या वासानं.

बहीजा: बघा! इतकी वर्षं पोटात ठेवलंस हे?

वर्दिया: सदतीस वर्षं. वासाचं काही नाही हो, त्याची सवय झाली. दुसरंच एक आहे, त्याची होत नाही.

बहीजा: काय ते बोल तरी. माणसाला कोड्यात बोलून मारू नकोस.

वर्दिया: उद्या मला मिस्सेला शेवटपर्यंत थांबायचंय. वेदीपाशी जाऊन पवित्र भाकर घ्यायचीय. नाताळच्या दिवशी.

बहीजा: मग घे की! तुला कुणी बांधून ठेवलंय?

वर्दिया: सांगा बरं, दर नाताळला प्रवचन संपलं की मी कुठे असते?

बहीजा: कुठे म्हणजे… घरी.

वर्दिया: काय करत?

बहीजा: काय करत म्हणजे? भांड्यात आधणाचं पाणी घालायला नको? खाली लागलं तर वर्षाच्या सणाला करपट खायचं का? रोट्या मोडून ताटांत घालायच्या असतात, वर रस्सा ओतायचा असतो. माणसं उपाशीपोटी येतात, वर्दिया. दारात पाऊल टाकलं की ताट समोर हवं. हे काय मी तुला शिकवू?

वर्दिया: नका शिकवू. पाठ आहे. अबूनांचं प्रवचन संपतं, मी शाल डोक्यावर घेते, बाकावरून उठते आणि निघते. मागे घंटा वाजते तेव्हा मी लोहाराच्या कोपऱ्यावर असते. सगळे भाकर घेतात तेव्हा मी पाये ढवळते.

बहीजा: वर्षाचे बाकीचे रविवार कुठे गेले? तेव्हा घेतेस ना? मग झालं तर. येशू काय फक्त नाताळला असतो?

वर्दिया: तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला मी यायचं, केक कापायच्या आधी निघून जायचं, आणि वर्षभर दर रविवारी त्याचा गालगुच्चा घ्यायचा. चालेल तुम्हाला?

बहीजा: मी तुला दारातून आत घेणार नाही.

वर्दिया: बघा. तो मात्र घेतो. म्हणून तर जास्त लागतं मनाला.

बेहनाम: काय चाललंय? आवाज पार रस्त्यावर येतोय. मला वाटलं, संध्याकाळच्या शेकोटीआधीच घराला आग लागली. नाताळच्या शेकोटीला काटेरी झुडपं आणलीयत, अंगणात टाकली. या वर्षी चांगली वाळलेली मिळाली.

बहीजा: ये, बेहनाम, ये. तुझी बायको पाचा शिवत नाही म्हणते. तू नवरा आहेस, घरातला थोरला मुलगा आहेस, चर्चचा शम्माशा आहेस, अबूनांच्या शेजारी वेदीवर उभा राहतोस. काय बोलायचं ते बोल.

बेहनाम: म्हणजे… बरं नाही का?

वर्दिया: ठणठणीत आहे. उद्या मिस्सा पूर्ण करायची म्हणतेय.

बेहनाम: हात्तिच्या! मग प्रेशर कुकर आहे की. योहान्नाची सून सांगत होती, तिकडे चाळीस मिनिटांत—

बहीजा: गप्प बस!

वर्दिया: प्रेशर कुकर! पाचा प्रेशर कुकरमध्ये!

बहीजा: आईच्या आत्म्याला काय वाटेल, मेल्या?

वर्दिया: चार वजड्या कुकरमध्ये बसतील तरी का? उगाच आपलं तोंड उघडायचं.

बेहनाम: बरं, दोघींचं एकमत झालं हे काही कमी नाही. मी निघू?

बहीजा: थांब. आणि तू ऐक, वर्दिया. तुला कंटाळा आलाय, मान्य. साठी उलटली तुझी. मग योहान्नाच्या सुनेला दे सुई. तरणी आहे, हौशी आहे. सकाळपासून ‘मला शिकवा, मला शिकवा’ करत मागे लागलीय.

वर्दिया: शिवायला शिकवीन तिला. पण प्रवचन संपल्यावर बाकावरून उठायला नाही शिकवणार. माझ्या गळ्यात पडलं ते तिच्या गळ्यात बांधून मी वेदीपाशी जाऊ? कोणत्या तोंडानं?

बहीजा: आईनं पन्नास वर्षं केलं. एक चकार शब्द काढला नाही.

वर्दिया: नाही काढला. मी काढतेय. त्यांच्या वाटणीचाही काढतेय.

बहीजा: डोळे फिरलेत तुझे. हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी? अबूनांनी?

वर्दिया: अबूना पहिले पाचावर तुटून पडतात. ते कशाला भरवतील! वन्सं, तंबूतला नाताळ आठवतो?

बहीजा: नको तो विषय. सणाच्या दिवशी नको.

वर्दिया: त्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. दाएशच्या बंदूकवाल्यांच्या भीतीनं ऑगस्टमध्ये रातोरात पळालो, अंगावरच्या कपड्यांनिशी. डिसेंबरात अंकावाच्या चर्चच्या आवारात तंबूत होतो आपण. तुम्ही बाजूच्याच तंबूत. गुडघ्याएवढा चिखल. माझ्या पायात कुणाच्या तरी रबरी चपला, एक निळी, एक हिरवी.

बेहनाम: निळी माझी होती.

वर्दिया: पहाटे मिस्सा झाली. प्रवचन संपलं. आणि मी उठले. शाल डोक्यावर घेतली, दारापर्यंत गेले. दाराला हात लावला तेव्हा डोक्यात उजेड पडला, की अगं बाई, तू निघालीस कुठे? घर नाही, चूल नाही, भांडं नाही. एक पायासुद्धा नाही शिजवायला. लाज वाटली इतकी! तशीच मागे फिरले. आणि मग रांगेत उभी राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा, नाताळच्या दिवशी.

बहीजा: आठवतं. तू हमसून हमसून रडत होतीस. आम्हाला वाटलं, घरासाठी रडतेस.

वर्दिया: घरासाठी आदल्या दिवसापर्यंत रडले होते. त्या पहाटे नाही. तुम्ही दोघं हसा हवं तर, पण त्या पहाटे तो मला भेटला. इतक्या जवळ, की मला त्याच्याशी बोलायचीसुद्धा गरज वाटली नाही. आमच्या दोघांकडेही घर नव्हतं. बरोबरीचं नातं होतं ते.

बेहनाम: हे मला कधी बोलली नाहीस.

वर्दिया: कसं बोलू? माणसं सगळं गमावून बसलेली, आणि मी म्हणायचं की मला कधी नव्हे ते मिळालं? पुढच्या वर्षी पत्र्याची खोली मिळाली आपल्याला. आणि या वन्सं कुठूनशा एवढं मोठं पातेलं डोक्यावर घेऊन हजर!

बहीजा: शेजारणीकडून हातापाया पडून आणलं होतं. तुझं मन रमावं म्हणून!

वर्दिया: माहीत आहे हो. प्रेमानंच आणलंत. म्हणून तर तेव्हा मुकाट्यानं शिवलं. पण ऐका, दाएशवाल्यांनी घर जाळलं, चर्चची घंटा फोडली, माझा नाताळ त्यांना नाही नेता आला. त्या भांड्यानं नेला. दरवर्षी नेतं. आणि मी स्वतःच्या हातांनी ढवळत बसते.

बहीजा: झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. तू तंबूतलं लक्षात ठेवलंस, मी परत आल्यावरचं लक्षात ठेवलंय. या गल्लीत तीन घरं धड होती. बाकी सगळी काजळी. अंगणात विटा मांडून तू पाचा चढवलास, आणि सकाळी त्याचा वास गल्लीभर गेला. पलीकडच्या बाजूनं माणसं आली बघायला, की कुणाच्या घरी शिजतंय. कुणी वाडगा घेऊन आलं, कुणी नुसतंच येऊन उभं राहिलं. पुढच्या वर्षी सात घरं उघडली. मी सांगते, त्या वासावर उघडली. येशू तंबूत भेटला असेल तुला. पण या गावात त्याला राहायला माणसं नकोत? योहान्ना स्वीडनहून कशासाठी येतो? प्रवचनासाठी? प्रवचन तिकडेही मिळतं. भांडं बंद झालं की एकेक जण यायचा थांबेल, आणि मग बस तू रिकाम्या चर्चमध्ये भाकर खात.

बेहनाम: ताई, एवढं टोचून—

वर्दिया: बोलू द्या त्यांना. खरं बोलतायत.

बहीजा: खरं आहे ना? मग घे सुई.

वर्दिया: घेते. वजड्या शिवते, भांडं चढवते, रात्री उठून दोनदा पाणी घालते. पण पहाटे गॅस बंद करायचा, झाकण लावायचं, दाराला कुलूप ठोकायचं आणि सगळ्यांनी चर्चला जायचं. सगळ्यांनी. मिस्सा संपली की येऊन पुन्हा पेटवायचं.

बहीजा: गार झालेला पाचा? चरबी गोठून वर दगड होतो त्याचा! पुन्हा तापायला तास लागेल. तोवर बावीस माणसं काय करतील?

वर्दिया: एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देतील. त्यासाठीच जमतात ना?

बहीजा: लोक काय म्हणतील? बेहनामच्या घरी नाताळच्या सकाळी कुलूप!

वर्दिया: म्हणू देत. त्यांच्या तोंडाला मी चांगले क्लेचे देणार आहे.

बहीजा: ते काही नाही. मी थांबते घरी. तू जा तुझ्या मिस्सेला, मी भांड्याशी बसते. झालं समाधान?

वर्दिया: नाही झालं. तुमच्या जागेवर जाऊन मी उभी राहिले, तर तो मला पहिला प्रश्न विचारेल, बहीजा कुठेय? काय सांगू त्याला? चुलीशी बसवून आले?

बहीजा: बेहनाम, आता तू बोल. दगडासारखा उभा राहू नकोस. कुणाच्या बाजूनं आहेस?

बेहनाम: ताई, मी चाळीस वर्षं वेदीवर उभा राहतो. तिथून सगळी बाकं दिसतात. योहान्नाला डुलकी लागते ते दिसतं, तू माळेच्या मण्यांवर बोटं फिरवत कुणाच्या शाली बघतेस ते दिसतं.

बहीजा: काहीतरीच!

बेहनाम: आणि दर नाताळला, प्रवचन संपलं की, मला माझ्या बायकोची पाठ दिसते. दरवर्षी. दार उघडतं, थंड वारा आत येतो, मेणबत्त्या हलतात आणि ती जाते. मी पुढची सुरियानी प्रार्थना वाचायला लागतो. एकदाही मनात आलं नाही की हिला थांबव. मला पाचा आवडतो, ताई. काय खोटं बोलू? मला फार आवडतो. पण कुलूप मी लावीन.

वर्दिया: अहो…

बेहनाम: आता काही बोलू नकोस. बोललीस तर मी पुन्हा बदलेन.

बहीजा: वा! भाऊसुद्धा गेला. ठीक आहे. दाराला कुलूप लागलं, तर मी या घरात घास घेणार नाही. सांगून ठेवते.

वर्दिया: नका घेऊ. पण मिस्सेला माझ्या शेजारी बसा.

बहीजा: …बसेन. तुझ्यावर लक्ष ठेवायला. तुझा काही भरवसा नाही. आण इकडे ती सुई. दोरा तू ओव, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

(दुसऱ्या दिवशीची पहाट. चर्च गच्च भरलेलं. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर वर्दिया आणि बहीजा. प्रवचन नुकतंच संपलंय. दोघी कुजबुजत आहेत.)

वर्दिया: वन्सं, या बायका काय करतायत?

बहीजा: कुठे काय?

वर्दिया: सगळ्यांनी गुडघे आवरून घेतलेत. एका ओळीत.

बहीजा: तुला वाट देतायत. दरवर्षी याच वेळेला निघतेस ना. सवय झालीय बिचाऱ्यांना.

वर्दिया: ए, पाय सोडून बसा गं. मी कुठे जात नाहीये.

बहीजा: हळू! अबूनांनी वळून बघितलं.

वर्दिया: बघू देत. त्यांना माझं तोंड दिसायची सवय नाही, म्हणून बघतायत.

बहीजा: बस आता नीट. घंटा वाजली.

वर्दिया: …वन्सं, गॅस बंद केला ना?

बहीजा: तूच केलास. दोनदा.

वर्दिया: झाकणावर वजन ठेवलं? मांजर येते.

बहीजा: ठेवलं. तुझा वरवंटा ठेवलाय. मांजर काय, वाघ आला तरी उघडणार नाही.

वर्दिया: मीठ?

बहीजा: वर्दिया!

वर्दिया: नाही हो, मला काही ऐकूच येत नाहीये. अबूना काय म्हणतायत कळत नाही. मला वाटलं होतं, इथे थांबले की तो येईल जवळ, तंबूत आला तसा. आणि माझ्या डोक्यात बसलेत सोळा पाये.

बहीजा: मग चल. अजून वेळ आहे. पुरतं गार झालेलं नसेल, अर्ध्या तासात तापवून होईल. मी कुणाला काही बोलणार नाही, बोलून दाखवणार नाही. आईशपथ.

वर्दिया: नाही.

बहीजा: अगं, मन लागत नाही तर नुसतं बसून काय उपयोग?

वर्दिया: नसेल लागत. पायांना शिजायचं तर शिजू देत डोक्यात. तो गोठ्यात जन्मला, वन्सं. शेण, मूत, ओलं गवत. तेवढ्या वासात आला, तो माझ्या डोक्यातल्या रश्श्याच्या वासानं अडेल होय? यायचं तर येईल, नाही यायचं तर न येवो. मी हललेली नाही, एवढं त्यानं बघावं.

बहीजा: तू तर त्याच्याशीसुद्धा भांडतेस.

वर्दिया: भांडते. इतकी वर्षं तुमच्याशी भांडले नाही, ते सगळं साठलंय.

बहीजा: …तुला एक सांगू? दरवर्षी तू उठून गेलीस की तुझ्या या जागेवर मी माझी पिशवी ठेवायचे. कुणी येऊन बसू नये म्हणून.

वर्दिया: का?

बहीजा: मला काय माहीत का! ठेवायचे. शेजारी दुसरी बाई सहन होत नाही मला. रडू नकोस, मुली बघतायत.

वर्दिया: मी नाही रडत. तुम्ही रडताय.

बहीजा: मोतीबिंदू आहे तो. ऊठ, रांग लागली. हो पुढे.

वर्दिया: तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही.

बहीजा: आज तू. ढकलू का? …अगं बाई. मागे वळू नकोस. योहान्ना भाकर घेऊन बाहेर पडलाय आणि दारातून हातवारे करतोय. सुनेच्या कडेवर पोरगं कुडकुडतंय. किल्ली मागतोय वाटतं.

वर्दिया: किल्ली यांच्याकडे आहे ना?

बहीजा: माझ्याकडे आहे. बेहनामच्या खिशातून काढून घेतली मघाशी. तो नरम माणूस, कुणी जरा मान हलवली की देऊन टाकेल.

वर्दिया: वन्सं! तुम्ही?

बहीजा: पोरगं कुडकुडलं तर त्याची आई शालीत घेईल. मला इतक्या लांबचे हातवारे दिसत नाहीत. सरक पुढे. दोघी राहिल्यात तुझ्याआधी. ते बघ, अबूनांच्या शेजारी तुझा नवरा ताटली घेऊन उभा आहे, हनुवटीखाली धरायला. ताटली तिरकी झालीय, तुझ्याकडेच बघत राहिलाय.

वर्दिया: त्यांनी नाताळला मला इथे कधी बघितलं नाही ना.

बहीजा: मग दाखव तोंड. जा.

बेहनाम: वर्दिया… अगं, योहान्ना दारात… पोरं थंडीत उभी आहेत, आणि किल्ली माझ्या खिशात नाहीये, कुठे पडली की काय—

वर्दिया: अहो, ताटली नीट धरा. एक कणही खाली पडायला नको.